रेडिओ आपलं चॅनेल आपणच कसं निवडतो?

प्रश्न : मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला कामाला आहे. स्टोअरमधून असेंब्ली लाइनवर माल नेणाऱ्या बिनचालकाच्या गाड्या (आम्ही त्यांना एजीव्ही म्हणतो) वायफायवर चालतात. अधूनमधून सगळ्या गाड्या एकदम जागच्या जागी थांबतात आणि मिनिटभरानं आपोआप पुन्हा चालू लागतात. आयटीतले साहेब म्हणतात, "काही नाही हो, चॅनेल ऑटो बदललं." कुठलं चॅनेल चांगलं हे यंत्राला कळतं कसं? आणि एकानं बदललं की बाकीच्यांना कोण सांगतं?
— एक वाचक, खराबवाडी (चाकण)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि दुसरा पहिल्याहून अवघड आहे. चांगलं चॅनेल शोधणं यंत्राला फारसं जड जात नाही. प्रत्येक चॅनेलवर क्षणभर गप्प राहून ऐकायचं, तिथं किती गोंगाट आहे आणि आपल्याआधी कोण बसलंय हे मोजायचं आणि सगळ्यांत शांत जागा धरायची. गोम आहे ती पुढं. तुम्ही नवी जागा धरलीत, पण समोरचा अजून जुन्याच जागी कान लावून बसलाय. नवी जागा त्याला कळवायची, तर जुन्या जागेवरून बोलावं लागणार. आणि जुन्या जागी बोलणं अशक्य झालं म्हणून तर तुम्ही निघालात! आळंदीच्या यात्रेत चुकामूक झालेल्या दोघांची हीच गत होते. फोन लागत नाही आणि दोघंही एकमेकांना शोधत फिरत राहतात. शहाणी माणसं म्हणून निघतानाच ठरवून ठेवतात, की चुकामूक झाली तर अमक्या ठिकाणी थांबायचं. रेडिओची सगळी स्वयंचलित निवड म्हणजे असं आधी ठरवून ठेवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

तुमच्या भागात हा प्रश्न वायफायबरोबर आला असं मात्र नाही. चाकणहून पुण्याकडे येताना भोसरीच्या पलीकडे दिघी लागतं. १९२७ साली या खडकी-दिघीच्या माळावरून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. मार्कोनी कंपनीची ही 'बीम' पद्धत. लघुलहरींचा झोत आरशानं वळवावा तसा एकाच दिशेला सोडायचा. संदेश पाठवणारं केंद्र इथं होतं आणि ऐकणारं केंद्र सत्तरएक किलोमीटरवर दौंडला. दोन्ही शेजारी ठेवली असती, तर पाठवणाऱ्याच्या दणक्यात ऐकणाऱ्याचे कान बधिर झाले असते.

या सेवेला दोन लहरी दिलेल्या होत्या. एक सुमारे १६ मीटरची, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण १८.५ मेगाहर्ट्झ, आणि दुसरी सुमारे ३४ मीटरची, म्हणजे ८.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. पहिली दिवसाची, दुसरी रात्रीची. लघुलहरी जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर असलेल्या आयनांबरावर आदळून परत खाली येतात आणि अशा टप्प्याटप्प्यानं समुद्र ओलांडतात. दिवसा उन्हामुळे आयनांबराचा खालचा थर जागा होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा वरची फ्रिक्वेन्सी लागते. रात्री तो थर नाहीसा होतो, पण वरचा परतवणारा थरही विरळ होतो. मग वरच्या फ्रिक्वेन्सीची लहर परत न फिरता आकाशात निघून जाते. म्हणून रात्री खालची फ्रिक्वेन्सी.

ऐकायला सोपं वाटतं. पण दिघीत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा इंग्लंडात दुपारचे साडेबारा. अर्ध्या वाटेवर दिवस, अर्ध्या वाटेवर रात्र. लहर नेमकी कधी बदलायची? सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र, ऋतू, मधेच येणारं सौर वादळ, या सगळ्यांनी ही वेळ मागंपुढं होते. शिवाय बदल दोन्ही टोकांना एकाच वेळी व्हायला हवा. एका टोकानं घाई केली, तर दुसरं टोक रिकाम्या लहरीवर ताटकळत राहणार. हे काम घड्याळ, वेळापत्रक आणि ऑपरेटरचा कान यांच्या भरवशावर चाले. पुढं १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशी दळणवळणाचा भार हळूहळू लघुलहरींवरून उतरत गेला.

पण लघुलहरी संपल्या नाहीत. लष्कर, जहाजं, आपत्तीच्या जागी काम करणाऱ्या संस्था आजही त्या वापरतात, कारण मधे ना टॉवर लागतो ना उपग्रह. अडचण होती ती तज्ज्ञ ऑपरेटरांची. ती माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांचं काम यंत्राला शिकवण्याची गरज पडली. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या, पण एकीचा सेट दुसरीच्या सेटशी बोलेना. अखेर १९८८ साली अमेरिकी सैन्यदलांनी एक सामाईक मानक ठरवलं. ऑटोमॅटिक लिंक एस्टॅब्लिशमेंट, थोडक्यात एएलई, हे त्याचं नाव. ते कसं चालतं हे नीट पाहण्यासारखं आहे.

समजा, एका जाळ्यातल्या सगळ्या सेटना दहा चॅनेलची एकच यादी दिली आहे. काम नसतं तेव्हा प्रत्येक सेट ही यादी सतत चाळत असतो. दर सेकंदाला दोन चॅनेल या वेगानं चाळली, तर एक फेरी पाच सेकंदांची. आता 'अ' केंद्राला 'ब' केंद्राशी बोलायचंय. 'ब' या क्षणी कुठल्या चॅनेलवर आहे हे 'अ'ला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. तो आपल्याला बरं वाटणारं एक चॅनेल धरतो आणि पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ 'ब'च्या नावाचा पुकारा करत राहतो. तेवढ्या वेळात 'ब' फिरत फिरत त्या चॅनेलवर येणारच. आपलं नाव कानी पडलं की तो चाळणं थांबवतो आणि उत्तर देतो, 'अ' पोच देतो, बोलणं सुरू. उत्तर आलं नाही, तर 'अ' पुढच्या चॅनेलवर जाऊन तोच प्रयोग करतो. हा पुकारा माणसाच्या आवाजात नसतो. आठ वेगवेगळ्या सुरांचा तो एक किलबिलाट असतो. एकेक सूर सेकंदाच्या हजार भागांपैकी फक्त आठ भाग टिकतो.

'बरं वाटणारं' चॅनेल ठरतं एका वहीवरून. प्रत्येक सेट मधूनमधून सगळ्या चॅनेलवर 'मी अमुक' एवढंच सांगून गप्प होतो. ज्याला ते ऐकू येतं तो नोंद करतो, की अमुक केंद्र, अमुक चॅनेल, इतकं स्पष्ट, इतक्या वाजता. या नोंदींतून गुणांचा तक्ता तयार होतो आणि पुकारा सगळ्यांत जास्त गुणांच्या चॅनेलपासून सुरू होतो. नोंद शिळी झाली की तिचं वजन कमी धरायचं, कारण दुपारी दोनला मिळालेले गुण रात्री नऊला कामाचे नाहीत. सूर्याचं, ऋतूंचं गणित यंत्राला मांडावं लागत नाही. आत्ता काय ऐकू येतंय ते मोजलं की भागतं.

आता तुमच्या शेडमध्ये येऊ. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली बरीच चॅनेल (५२ पासून १४४ पर्यंतची) रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. रडार आधीपासूनचं आहे आणि कामही महत्त्वाचं करतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं पाऊस पाहणारं रडार आहे, ते याच पट्ट्याच्या, म्हणजे सी-बँडच्या, जातीचं. म्हणून २००३ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेत नियम झाला, की वायफायनं इथं राहावं ते पाहुण्यासारखं. या चॅनेलवर पाऊल टाकण्याआधी अॅक्सेस पॉइंटनं (वायफाय सोडणाऱ्या पेटीनं) पूर्ण ६० सेकंद गप्प राहून ऐकायचं. नंतरही कान उघडे ठेवायचे. रडारचे ठरावीक अंतरानं येणारे ठोके कानावर पडले, की १० सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचं आणि पुढची ३० मिनिटं तिकडं फिरकायचं नाही.

तुमच्या 'मिनिटभरा'चं कोडं बहुधा इथंच सुटतं. अॅक्सेस पॉइंटला रडार ऐकू आलं आणि तो जिथं गेला ते चॅनेलही रडारच्याच पट्ट्यातलं निघालं, तर तिथं बोलण्याआधी त्याला ६० सेकंद मौन पाळावं लागतं. तेवढा वेळ गाड्यांना हुकूम मिळत नाही, आणि हुकूम नसला की जागीच थांबायचं हे त्यांना सुरक्षेसाठी शिकवलेलंच असतं.

बाकीच्यांना कोण सांगतं, याचंही उत्तर इथं आहे. अॅक्सेस पॉइंट दर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख हवेत सोडत असतो. निघण्याआधी तो त्याच ओळखीत जोडून सांगतो, की इतक्या ओळखींनंतर मी अमुक चॅनेलवर जातोय. १० सेकंदांची मुभा आहे ती मुख्यतः या निरोपासाठी. ज्या गाडीनं निरोप ऐकला ती बरोबर जाते. जी लोखंडी रॅकच्या आड होती तिचा निरोप हुकतो. मग तिला एकेक चॅनेल चाळत बसावं लागतं. त्यातही रडारच्या चॅनेलवर "कोणी आहे का?" असं आपण होऊन विचारायची तिला बंदी आहे, नुसतं ऐकत थांबायचं. त्यामुळे आणखी वेळ जातो.

दुसरं एक कारण शेजाऱ्यांचं. मोठ्या शेडमध्ये पंचवीस-तीस अॅक्सेस पॉइंट असतात. प्रत्येकानं स्वतंत्रपणे 'सगळ्यांत शांत चॅनेल' निवडायचं ठरवलं तर काय होईल? सगळ्यांना एकच चॅनेल रिकामं दिसेल, सगळे एकदम तिथं उड्या मारतील, तिथं गर्दी होईल, आणि पुन्हा सगळे एकदम बाहेर पडतील. म्हणून रडार दिसल्यावर नवं चॅनेल मोकळ्या चॅनेलांतून चिठ्ठी टाकून निवडायचं, असा नियम आहे. मोठ्या जाळ्यांत तर हे काम मध्यवर्ती कंट्रोलरकडेच असतं. कोणाला कोण ऐकू येतो याचा तो नकाशा करतो आणि शेजारी-शेजारी एकच चॅनेल येणार नाही अशी वाटणी करतो. नकाशातल्या लगतच्या देशांना वेगवेगळे रंग देण्याचं जे गणित, तेच हे. १९८० साली डब्ल्यू. के. हेल या अमेरिकी अभ्यासकानं फ्रिक्वेन्सीवाटपाचा प्रश्न या गणिताच्या भाषेत मांडला आणि मोबाइल जाळ्यांच्या आखणीत पुढं ती भाषा रूढ झाली. चॅनेल पुरेशी असतील तर हे सोपं. कमी असतील तर संगणकालाही चोख उत्तर सापडत नाही, चालेल अशा उत्तरावर भागवावं लागतं.

तुमच्या साहेबांना एवढं सुचवा. गाड्या थांबल्या त्या वेळची कंट्रोलरची नोंद काढा. 'रडार आढळलं' अशी नोंद दूरदूरच्या शेडमधल्या अनेक अॅक्सेस पॉइंटांवर एकाच सुमारास, त्याच चॅनेलवर असेल, तर रडार खरं. एकाच पॉइंटावर वारंवार दिसत असेल, तर बहुधा त्याला भास होतोय. दुसऱ्या एखाद्या उपकरणाचे तुटक ठोकेही रडारसारखे वाटू शकतात. आणि एजीव्हीसाठी रडारमुक्त चॅनेल (३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढची) बांधून ठेवता येतील का तेही विचारा. ऑफिसातल्या ई-मेलला एक मिनिट उशीर झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. लाइनला माल पोचला नाही तर शिफ्टचं टार्गेट जातं.

प्रश्न : आमच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकांच्या वॉकीटॉकीवर मात्र चॅनेल हातानंच फिरवावं लागतं. तिथं 'ऑटो' का नाही?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : साध्या सेटमध्ये दोघांनी भेटायची जागा माणसांनीच ठरवलेली असते, की गेटवाले दोनवर आणि स्टोअरवाले पाचवर. दहा-बारा माणसांना ते पुरतं. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे सेट २०१८ पासून परवान्यातून मोकळे आहेत. बाकीच्या बहुतेक सेटना परवाना लागतो आणि त्यात फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते, तेव्हा मनानं बदलायची सोयच नाही.

माणसं शेकड्यांत गेली की मात्र हे कोलमडतं. पाच विभागांना पाच चॅनेल वाटून दिली, तर डिस्पॅचच्या चॅनेलवर झुंबड उडालेली असताना देखभाल विभागाचं चॅनेल ओस पडलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे ट्रंकिंग. यात एक चॅनेल फक्त नियंत्रणासाठी राखलेलं असतं आणि सगळे सेट तिथं कान लावून बसलेले असतात. तुम्ही बटण दाबलंत की सेट त्या चॅनेलवर अर्ज करतो. कंट्रोलर उरलेल्यांपैकी एक मोकळं चॅनेल तुमच्या गटाला देतो आणि गटातले सगळे सेट निमिषार्धात तिकडं वळतात. बोलणं संपलं की चॅनेल परत गंगाजळीत. बटण दाबल्यावर जो 'टुक' आवाज येतो आणि मगच बोलायचं असतं, त्या आवाजाच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. फक्त ते नियंत्रणाचं चॅनेल बंद पडलं तर सगळंच अडतं, म्हणून त्याची जागा घ्यायला दुसरं चॅनेल तयार ठेवतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत घरोघरी वायफाय आहे. राउटर 'ऑटो'वर ठेवावा की चॅनेल ठरवून द्यावं?
— एक वाचक, मोशी

उत्तर : राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. तीस फ्लॅटांत तीन चॅनेल म्हटल्यावर शांत जागा मिळायची कुठून? त्यातच स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच गुरगुरतो. शिवाय घरगुती राउटरांपैकी बरेच फक्त सुरू होतानाच चॅनेल निवडतात. पहाटे वीज जाऊन आली, त्या वेळी जे शांत दिसलं ते रात्री नऊ वाजेपर्यंत धरून बसतात. त्यामुळे तक्रार असेल तर ऐन गर्दीच्या वेळी एकदा राउटर बंद करून चालू करा. जमेल ती उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर हलवा. तिथं जागा पुष्कळ आहे आणि भिंतीपलीकडे त्याची झेप कमी असल्यानं शेजाऱ्याचा त्रासही कमी. ३ किंवा ८ असं अधलंमधलं चॅनेल मात्र निवडू नका. तुम्ही एकाऐवजी दोन शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घ्याल.

याच पट्ट्यात ब्लूटूथ कसं निभावतं हे पाहा. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. उड्यांचा क्रम दोन्ही टोकांना आधीपासून ठाऊक असतो, त्यामुळे चुकामूक होत नाही. ज्या चॅनेलवर सारखी ठेच लागते ती दोघं मिळून यादीतून काढून टाकतात. नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथनं तर नव्या भेटीगाठींसाठी तीन चॅनेल राखून ठेवली आहेत, आणि ती वायफायच्या १, ६, ११ या तिघांना टाळून बसवली आहेत.

प्रश्न : आमच्यापासून जवळच खोडदची दुर्बीण आहे. मोबाइलचा किंवा कारखान्यांचा त्रास झाला तर तीसुद्धा फ्रिक्वेन्सी बदलते का?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : काही प्रमाणात बदलू शकते, पण बऱ्याचदा तिचे हात बांधलेले असतात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमधल्या रेडिओ लहरी ती टिपते. अवकाशातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. आकाशगंगा जितकी दूर, तितकी तिच्याकडून येणारी लहर ताणली जाऊन फ्रिक्वेन्सी खाली येते. २०२० साली ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीनं सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचं मोजमाप केलं, तेव्हा ही फ्रिक्वेन्सी निम्म्याच्या आसपास, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या घरात आली होती. आपले मोबाइलही ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झवरच चालतात. आकाशगंगेला "जरा दुसऱ्या चॅनेलवर या" असं सांगायची सोय नाही.

आणि इथंच आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या हुशारीची हद्द संपते. एएलई काय, वायफाय काय, आधी ऐकून मगच बोलतात, म्हणून जो बोलतो त्याचाच मान राखतात. रडार ठोके देतं म्हणून वायफाय त्याला वाट देतं. दुर्बीण काहीच बोलत नाही. ती फक्त ऐकते. जगातला सगळ्यांत तल्लख ऑटो-सेट तिच्या शेजारी आणून ठेवला तरी त्याला ते चॅनेल रिकामंच दिसणार, आणि तो खुशाल तिथं बसून तिची रात्र वाया घालवणार.

अशांच्या बाबतीत ऐकण्यावर भिस्त ठेवता येत नाही. कोण कुठं आहे याची यादीच लागते. अमेरिकेत ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या जास्त शक्तीच्या वायफायला बोलण्याआधी आपलं ठिकाण सांगून एका मध्यवर्ती यादीला विचारावं लागतं, की इथं कुठली चॅनेल वापरू? त्या यादीत काही रेडिओ वेधशाळाही आहेत. आपल्याकडे ट्रान्समीटर उभारण्याची मंजुरी केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळते, आणि खोडदच्या परिसरात एनसीआरएचं म्हणणं विचारात घेतलं जातं. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग दुर्बिणीच्या जवळून जात होता. तो बदलण्याची वेळ आली ती याच कारणानं. तेव्हा तुमच्या भागात उद्या कोणी नवं बिनतारी जाळं उभारणार असेल, तर सेट 'ऑटो'वर टाकून मोकळं होऊ नका म्हणावं; आधी खोडदला विचारा.